लहान सस्तन प्राण्यांतील अंडाशयाचे संप्रेरक-नियंत्रण

लहान सस्तन प्राण्यांतील अंडाशयाचे संप्रेरक-नियंत्रण म्हणजे उंदीर, हॅमस्टर, गिनीपिग, ससा, चिचुंद्री, वटवाघूळ यांसारख्या प्राण्यांच्या मादीमध्ये मेंदू, पीयूषिका ग्रंथी आणि स्वतः अंडाशय यांतून स्रवणाऱ्या संप्रेरकांच्या परस्परक्रियेने पुटिकांची वाढ, अंडमोचन आणि पीतपिंडाचे कार्य नियंत्रित होण्याची प्रक्रिया होय. या प्राण्यांमधील मुख्य संप्रेरके जवळजवळ सारखीच आहेत आणि ती मानवातही आढळतात. मात्र त्यांचा क्रम, वेळ आणि त्यांना चालना देणारे कारण प्राण्यागणिक बदलते. उंदराच्या मादीत अंडमोचन दर चार-पाच दिवसांनी आपोआप होते, सशाच्या मादीत ते समागमाशिवाय सहसा होत नाही, तर काही वटवाघळांत समागम आणि अंडमोचन यांच्यामध्ये काही महिन्यांचे अंतर असते. म्हणून एका प्राण्यात सिद्ध झालेली गोष्ट दुसऱ्यात तशीच असेल असे गृहीत धरता येत नाही.

मानवी प्रजननाविषयीचे बरेचसे मूलभूत ज्ञान या छोट्या प्राण्यांवरील प्रयोगांतून मिळाले आहे. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांचा शोध, गर्भधारणेची पहिली विश्वसनीय चाचणी, गर्भनिरोधक गोळीची पूर्वतयारी आणि वंध्यत्वावरील अनेक उपचारांची मुळे उंदीर व सशांच्या अंडाशयात सापडतात.

मराठीत ‘उंदीर’ हा शब्द रॅट व माऊस या दोन्ही प्राण्यांसाठी वापरला जातो. प्रयोगशाळेत हे दोन वेगळे प्राणी असून त्यांच्या प्रजननातही काही फरक आहेत. या लेखात जेथे फरक महत्त्वाचा आहे तेथे रॅट आणि माऊस असे स्वतंत्र उल्लेख केले आहेत.

अंडाशयाची रचना

उंदराचे अंडाशय काही मिलिमीटर आकाराचे असते. त्याच्या बाह्य भागात वेगवेगळ्या अवस्थांतील पुटिका असतात. प्रत्येक पुटिकेत एक अंडपेशी असते आणि तिच्याभोवती ग्रॅन्युलोसा पेशींचे थर असतात. पुटिका वाढू लागली की या थरांबाहेर थीका पेशींचे आवरण तयार होते. मोठ्या पुटिकेत द्रवाने भरलेली पोकळी निर्माण होते. अंडपेशी बाहेर पडल्यानंतर मागे उरलेल्या पेशींचे पीतपिंडात रूपांतर होते. उंदराची मादी एका वेळी अनेक अंडपेशी सोडत असल्याने तिच्या अंडाशयात एकाच वेळी अनेक पीतपिंडे दिसतात. रॅटमध्ये मागील काही चक्रांतील पीतपिंडेही शिल्लक असल्यामुळे अंडाशयाला द्राक्षाच्या घडासारखा उंचसखल आकार येतो.

पुटिकेची सुरुवातीची वाढ पीयूषिकेवर फारशी अवलंबून नसते. ती अंडपेशी आणि तिच्या सभोवतालच्या पेशी यांच्यातील स्थानिक संदेशांवर चालते. अंडपेशी स्वतः जीडीएफ-९ नावाचे प्रथिन स्रवते. ज्या माऊसमध्ये या प्रथिनाचे जनुक निष्क्रिय केलेले असते त्याच्या पुटिका अगदी प्राथमिक अवस्थेत थांबतात. अंडपेशी ही पुटिकेत निमूटपणे वाढणारी वस्तू आहे, हा जुना समज अशा प्रयोगांमुळे मागे पडला.

वाढत्या पुटिकांमधून स्रवणारे प्रति-म्युलेरियन संप्रेरक, म्हणजे एएमएच, सुप्त पुटिकांना एकदम जागे होण्यापासून रोखते. हे संप्रेरक नसलेल्या माऊसच्या अंडाशयातील सुप्त पुटिकांचा साठा लवकर संपतो, असे 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. स्त्रियांमधील पुटिकांच्या साठ्याचा अंदाज घेण्यासाठी आज रक्तातील याच संप्रेरकाचे प्रमाण मोजतात.

मुख्य संप्रेरके आणि त्यांची साखळी

मेंदूतील अधश्चेतक या भागातील चेतापेशी जीएनआरएच हे संप्रेरक थोड्या थोड्या वेळाने, ठोक्यांसारखे, स्रवतात. ते एका छोट्या रक्तवाहिनी-जाळ्यातून पीयूषिका ग्रंथीपर्यंत पोहोचते आणि तेथून पुटिका ग्रंथी संप्रेरक, म्हणजे एफएसएच, व पीतपिंडकारी संप्रेरक, म्हणजे एलएच, ही दोन संप्रेरके रक्तात सोडली जातात. जीएनआरएचची रासायनिक रचना 1971 मध्ये उलगडली. अँड्र्यू शॅली यांच्या गटाने डुकरांच्या आणि रॉजर गिलेमिन यांच्या गटाने मेंढ्यांच्या मेंदूंपासून ते वेगळे केले होते. पेप्टाइड संप्रेरकांवरील कार्यासाठी दोघांना 1977 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जीएनआरएच तयार न करू शकणाऱ्या माऊसच्या एका नैसर्गिक वाणात मादीचे अंडाशय आयुष्यभर अविकसित राहते.

जीएनआरएच पेशींना मात्र इस्ट्रोजेन थेट ‘ऐकू’ येत नाही, कारण त्यांच्यात इस्ट्रोजेनचे मुख्य ग्राही प्रथिन नसते. हा निरोप पोहोचवण्याचे काम किसपेप्टिन हे पेप्टाइड स्रवणाऱ्या चेतापेशी करतात. किसपेप्टिनचे जनुक 1996 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी या गावी कर्करोगाच्या संशोधनात सापडले आणि त्या गावच्या प्रसिद्ध ‘किसेस’ चॉकलेटवरून त्याचे नाव पडले. प्रजननातील त्याची भूमिका 2003 मध्ये मानव व माऊस यांच्यातील एका ग्राही प्रथिनाच्या अभ्यासातून पुढे आली.

अंडाशयात इस्ट्रोजेन तयार करण्याचे काम दोन प्रकारच्या पेशी वाटून घेतात. एलएचच्या प्रभावाखाली थीका पेशी अँड्रोजेन वर्गातील संप्रेरके, मुख्यतः अँड्रोस्टेनडायोन, तयार करतात. ती शेजारच्या ग्रॅन्युलोसा पेशींत शिरतात आणि तेथे एफएसएचमुळे वाढलेले अ‍ॅरोमॅटेज हे विकर त्यांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. स्वीडिश शास्त्रज्ञ बेंग्ट फाल्क यांनी 1959 मध्ये रॅटच्या अंडाशयातील वेगवेगळ्या पेशी त्याच प्राण्याच्या डोळ्याच्या पुढील कक्षात रोपून हे दाखवले. एकट्या थीका पेशी किंवा एकट्या ग्रॅन्युलोसा पेशी पुरेसे इस्ट्रोजेन देत नाहीत, दोन्ही शेजारी असाव्या लागतात. स्त्री-संप्रेरक हे पुरुष-संप्रेरकापासून बनते ही गोष्ट विद्यार्थ्यांना अनेकदा चमत्कारिक वाटते, परंतु सर्वच सस्तन प्राण्यांत तसेच घडते.

ग्रॅन्युलोसा पेशी इनहिबिन हे आणखी एक संप्रेरक स्रवतात. ते पीयूषिकेला एफएसएच कमी करण्याचा संदेश देते. इस्ट्रोजेनही बहुतेक वेळ एलएच व एफएसएच यांना दाबून ठेवते. उत्पादन वाढले की मागणी कमी करणाऱ्या या रचनेला ऋण प्रतिसंभरण म्हणतात. दोन्ही अंडाशये काढून टाकलेल्या रॅटच्या रक्तात एलएच व एफएसएच यांचे प्रमाण अनेक पटींनी वाढते, कारण त्यांना आवरणारे काही उरत नाही.

रॅटचे माजचक्र

प्रौढ रॅटच्या मादीचे माजचक्र चार ते पाच दिवसांचे असते. प्रोइस्ट्रस, इस्ट्रस, मेटेस्ट्रस आणि डायेस्ट्रस या त्याच्या चार अवस्था आहेत. पशुपालनात ज्याला जनावर ‘माजावर येणे’ म्हणतात ती स्थिती रॅटमध्ये प्रोइस्ट्रसच्या संध्याकाळी सुरू होते व काही तासच टिकते.

अवस्था ओळखण्याची पद्धत सोपी आहे. योनीतून घेतलेला द्रवाचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. प्रोइस्ट्रसमध्ये केंद्रक असलेल्या गोल उपकला पेशी, इस्ट्रसमध्ये केंद्रक नष्ट झालेल्या चपट्या, कडक पेशी, मेटेस्ट्रसमध्ये या पेशींसह श्वेतपेशी आणि डायेस्ट्रसमध्ये प्रामुख्याने श्वेतपेशी दिसतात. ही पद्धत प्रथम 1917 मध्ये चार्ल्स स्टॉकार्ड आणि जॉर्ज पापानिकोलाउ यांनी गिनीपिगवर वापरली. पापानिकोलाउ यांनीच पुढे स्त्रियांमधील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान करणारी ‘पॅप’ चाचणी विकसित केली. गिनीपिगच्या लेपापासून सुरू झालेली ही वाट जगातील सर्वांत उपयुक्त कर्करोग-चाचण्यांपैकी एकीपर्यंत गेली. रॅटमधील चक्राचे सविस्तर वर्णन जोसेफ लाँग आणि हर्बर्ट इव्हान्स यांनी 1922 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातून प्रसिद्ध केले.

चक्राच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत एफएसएचमुळे पुटिकांचा एक गट वाढतो आणि रक्तातील इस्ट्रोजेन हळूहळू चढत जाते. प्रोइस्ट्रसच्या दुपारपर्यंत ते कमाल पातळीला पोहोचते. येथे नियंत्रणाची दिशा उलटते. इतका वेळ एलएचला दाबणारे इस्ट्रोजेन आता अधश्चेतकाच्या पुढील भागातील किसपेप्टिन पेशींना उत्तेजित करते आणि त्याच संध्याकाळी एलएचची मोठी उसळी येते. हे धन प्रतिसंभरण होय.

उसळी येण्यास केवळ इस्ट्रोजेन पुरेसे नाही. ठरावीक वेळ व्हावी लागते. जॉन एव्हरेट आणि चार्ल्स सॉयर यांनी 1950 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रॅटच्या मादीला प्रोइस्ट्रसच्या दुपारी दोनच्या सुमारास बार्बिच्युरेट हे गुंगीचे औषध दिले. त्या रात्री अंडमोचन झाले नाही. औषधाचा अंमल काही तासांत उतरला, तरी उसळी लगेच आली नाही. ती दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आली व अंडमोचन बरोबर चोवीस तास लांबले. दुपारी चारनंतर औषध दिल्यास काहीच परिणाम होत नसे, कारण तोपर्यंत संदेश निघून गेलेला असे. मेंदूतील दैनिक जैविक घड्याळ अंडाशयाला दिवसातून एकदाच दार उघडून देते, हे या साध्या प्रयोगाने स्पष्ट झाले. सतत प्रकाशात ठेवलेल्या रॅटमध्ये हे घड्याळ विस्कळीत होते, अंडमोचन थांबते, अंडाशयात द्रवाने भरलेल्या मोठ्या पुटिका साचतात आणि मादी सतत माजावर असल्यासारखी राहते.

स्त्रियांमध्ये असे काटेकोर दार नसते. वानरगण आणि मानव यांच्यात उसळीची वेळ मुख्यतः पिकलेल्या पुटिकेच्या इस्ट्रोजेनवर ठरते. त्यामुळे रॅटमधील घड्याळाचे निष्कर्ष मानवाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

अंडमोचन

एलएचच्या उसळीनंतर सुमारे दहा ते बारा तासांनी, म्हणजे पहाटेपूर्वी, अंडमोचन होते. रॅटमध्ये एका वेळी साधारणतः दहा ते चौदा अंडपेशी बाहेर पडतात. या काही तासांत पुटिकेत बरेच काही घडते.

अंडपेशीचे अर्धसूत्री विभाजन जन्माच्या सुमारासच अर्धवट थांबलेले असते. पुटिकेच्या भिंतीतील पेशी तिला थांबण्याचा रासायनिक संदेश सतत देत असतात. एलएचमुळे तो संदेश तुटतो आणि विभाजन पुन्हा सुरू होते. अंडपेशीभोवतीच्या पेशी हायलुरोनिक आम्ल स्रवून फुगतात व एकमेकींपासून सुट्या होतात. प्रोस्टाग्लँडिने तयार होतात आणि पुटिकेची भिंत झिजवणारी विकरे कामाला लागतात. अंडमोचन ही दाह किंवा जखमेसारखी प्रक्रिया आहे, असे मानले जाते. त्यामुळेच प्रोस्टाग्लँडिने रोखणारी वेदनाशामक औषधे उंदरांत अंडमोचन रोखू शकतात.

या टप्प्यावर प्रोजेस्टेरॉनही आवश्यक असते. 1995 मध्ये प्रोजेस्टेरॉनचे ग्राही प्रथिन नसलेले माऊस तयार करण्यात आले. त्यांच्या पुटिका पूर्ण वाढत, परंतु फुटत नसत. पिकलेली अंडपेशी आतच अडकून राहत असे. तोपर्यंत प्रोजेस्टेरॉनला प्रामुख्याने ‘गर्भावस्थेचे संप्रेरक’ म्हणूनच ओळखले जाई.

उसळीनंतर इनहिबिन कमी झाल्याने इस्ट्रसच्या पहाटे एफएसएच पुन्हा वाढते. ही दुसरी वाढ पुढील चक्रातील पुटिकांच्या गटाला वाचवते. जी पुटिका या वेळी योग्य अवस्थेत नसते तिचा अपक्षय होतो. मादीच्या आयुष्यात वाढीस लागलेल्या बहुसंख्य पुटिकांचा शेवट असाच होतो. अंडमोचन हा नियम नसून अपवाद आहे. एफएसएचचे जनुक निष्क्रिय केलेल्या माऊसमध्ये पुटिका पोकळी तयार होण्याआधीच थांबतात आणि मादी वंध्य राहते.

पीतपिंडाला कोण जगवते?

लहान सस्तन प्राण्यांमधील सर्वांत मोठे भेद पीतपिंडाच्या बाबतीत दिसतात.

स्त्रियांमध्ये अंडमोचनानंतर पीतपिंड सुमारे दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन स्रवते, मग गर्भधारणा झालेली असो वा नसो. रॅट, माऊस आणि हॅमस्टर यांच्यात तसे होत नाही. समागम न झाल्यास त्यांची पीतपिंडे एक-दोन दिवसांतच निष्प्रभ होतात. ती तयार करत असलेल्या प्रोजेस्टेरॉनचे एक विकर लगेच क्षीण संयुगात रूपांतर करते. या काटकसरीमुळेच त्यांचे चक्र इतके लहान असते. हॅमस्टरमध्ये तर ते जवळजवळ घड्याळाप्रमाणे चार दिवसांनी फिरते.

समागमाच्या वेळी गर्भाशयमुखाला होणारा स्पर्श मज्जातंतूंमार्फत मेंदूपर्यंत पोहोचला की चित्र बदलते. रॅटच्या पीयूषिकेतून प्रोलॅक्टिन दिवसातून दोनदा, एकदा पहाटे आणि एकदा संध्याकाळी, उसळू लागते. एकदाच झालेल्या स्पर्शाची ही ‘आठवण’ मेंदू अनेक दिवस जपतो. प्रोलॅक्टिन त्या विकराला दाबते, पीतपिंडे टिकतात आणि प्रोजेस्टेरॉन वाढते. नर वंध्य असला किंवा काचेच्या कांडीने स्पर्श केला तरी हेच घडते. मादी बारा ते चौदा दिवस गर्भार असल्यासारखी राहते. या स्थितीला आभासी गर्भावस्था म्हणतात. प्रयोगशाळेत दुसऱ्या मादीचे भ्रूण रोपण्यासाठी नसबंदी केलेल्या नराशी संयोग घडवून अशा माद्या मुद्दाम तयार करतात. जनुक बदललेले माऊस निर्माण करण्याचे सगळे तंत्र या टप्प्यावर अवलंबून आहे. खऱ्या गर्भावस्थेत सुमारे मध्यापासून वारेतून स्रवणारी प्रोलॅक्टिनसदृश संप्रेरके पीयूषिकेची जागा घेतात. तरीही रॅट व माऊसमध्ये प्रोजेस्टेरॉनचा स्रोत अखेरपर्यंत अंडाशयच असते. ते काढल्यास गर्भ टिकत नाही.

गिनीपिगची व्यवस्था निराळी आहे. त्याचे चक्र सुमारे सोळा दिवसांचे असते आणि समागमाविनाही पीतपिंड पूर्ण कार्यक्षम राहते. त्याचा शेवट करणारा संदेश गर्भाशयातून येतो. लिओ लोब यांनी 1923 मध्ये दाखवले की गिनीपिगचे गर्भाशय काढले तर पीतपिंडाचे आयुष्य लांबते. हा पदार्थ प्रोस्टाग्लँडिन एफ-२ अल्फा असल्याचे कित्येक दशकांनी कळले. आज गाई-म्हशींना एकाच वेळी माजावर आणण्यासाठी पशुवैद्य जे इंजेक्शन देतात त्यामागे हेच तत्त्व आहे. गर्भावस्थेच्या उत्तरार्धात गिनीपिगचे अंडाशय काढले तरी गर्भ टिकतो, कारण तोवर वार पुरेसे प्रोजेस्टेरॉन तयार करू लागलेली असते. या बाबतीत गिनीपिग उंदरापेक्षा स्त्रीशी अधिक मिळताजुळता आहे.

सशात पीतपिंडाला जगवणारे मुख्य संप्रेरक इस्ट्रोजेन असते. रॅटमध्ये प्रोलॅक्टिन, सशात इस्ट्रोजेन, स्त्रीमध्ये एलएच व नंतर वारेचे एचसीजी असे तीन प्राण्यांत तीन वेगवेगळे आधार आहेत आणि काम मात्र एकच आहे.

समागमाने होणारे अंडमोचन

सशाच्या मादीला नियमित माजचक्र नसते. तिच्या अंडाशयात पक्व होत आलेल्या पुटिका बहुतेक काळ हजर असतात व समागमाच्या संवेदनेने एलएचची उसळी आली की दहा ते बारा तासांनी अंडमोचन होते. वॉल्टर हीप यांनी 1905 मध्ये याचे वर्णन केले. फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यातही समागमानंतरच, सुमारे तीस तासांनी, अंडमोचन होते. समागम न झाल्यास फेरेटची मादी आठवडेच्या आठवडे माजावर राहते. दीर्घकाळ वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे तिची अस्थिमज्जा निकामी होऊन ती मरू शकते. पाळीव फेरेटच्या अंडाशयाची शस्त्रक्रिया करण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

महाराष्ट्रातील घराघरांत परिचित असलेली चिचुंद्री हीदेखील अशाच प्राण्यांपैकी आहे. ती उंदीर नसून कीटकभक्षी गटातील प्राणी आहे. तिच्या मादीत ठरावीक माजचक्र दिसत नाही आणि अंडमोचन समागमानंतरच होते. विशेष म्हणजे तिचे समागमाचे वर्तन अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेनपेक्षा टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असते. त्याचे मेंदूतच इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते. उंदरांवर आधारलेले पाठ्यपुस्तकातील चित्र सर्व छोट्या सस्तन प्राण्यांना लागू नाही, याचे हे घरातलेच उदाहरण म्हणता येईल.

वटवाघळांतील विलंब

थंड प्रदेशांतील अनेक वटवाघळे शरद ऋतूत समागम करतात, शुक्रपेशी मादीच्या जननमार्गात हिवाळाभर साठवून ठेवतात आणि अंडमोचन वसंतात होते. भारतातील वटवाघळांच्या प्रजननावर विसाव्या शतकात नागपूरच्या विज्ञान संस्थेत ए. गोपालकृष्ण व त्यांच्या विद्यार्थ्यांनी दीर्घकाळ काम केले. काही जातींमध्ये दोनपैकी एकच अंडाशय किंवा गर्भाशयाची एकच बाजू कार्यक्षम असते, यांसारख्या निरीक्षणांची त्यात नोंद आहे.

वाराणसी येथील बनारस हिंदू विद्यापीठात पिवळ्या वटवाघळाच्या एका जातीवर झालेले संशोधन वैद्यकीय दृष्ट्याही लक्षणीय आहे. या वटवाघळाच्या मादीत हिवाळ्यात पोकळी असलेल्या पुटिका तयार असूनही फुटत नाहीत. याच काळात शरीरात चरबी साठते, रक्तातील इन्सुलिन वाढते आणि अंडाशयातून अँड्रोस्टेनडायोन मोठ्या प्रमाणावर स्रवते. वाढलेले अँड्रोजेन, इन्सुलिन आणि थांबलेले अंडमोचन हेच त्रिकूट स्त्रियांमधील पीसीओएस या विकारात आढळते. फरक एवढाच, की वटवाघळात ही स्थिती नैसर्गिक असते आणि हिवाळा सरताच आपोआप निवळते. वाढलेले अँड्रोजेन हा नेहमीच बिघाड असतो का, हा प्रश्न त्यातून उपस्थित होतो.

अन्न, प्रकाश आणि गंध

अंडाशयाचे नियंत्रण शरीराबाहेरील परिस्थितीशीही जोडलेले असते. सोनेरी हॅमस्टरमध्ये दिवस लहान झाले की रात्री स्रवणाऱ्या मेलॅटोनिनचा कालावधी वाढतो आणि अंडमोचन थांबते. चरबीपेशींतून येणारे लेप्टिन तयार न करू शकणारे माऊस लठ्ठ आणि वंध्य असतात. 1996 मध्ये अशा माद्यांना लेप्टिन दिल्यावर त्यांची प्रजननक्षमता परत आल्याचे प्रसिद्ध झाले. केवळ त्यांचे वजन घटवून तो परिणाम साधत नव्हता. अधश्चेतकाला शरीरात ऊर्जेचा साठा पुरेसा असल्याची खात्री लागते, असा याचा अर्थ लावला जातो.

माऊसमध्ये गंधाचा प्रभाव विशेष आहे. एकत्र ठेवलेल्या माद्यांची चक्रे मंदावतात. नराच्या मूत्राचा गंध आला की अनेक माद्या तिसऱ्या दिवशी एकाच वेळी माजावर येतात. हिल्डा ब्रूस यांनी 1959 मध्ये दाखवले की नुकत्याच गर्भधारणा झालेल्या मादीजवळ अनोळखी नर ठेवल्यास गर्भ रुजत नाही. अनोळखी गंधामुळे डोपामिन वाढते, प्रोलॅक्टिन घटते, पीतपिंडे कोमेजतात आणि मादी पुन्हा माजावर येते.

रॅट व माऊस प्रसूतीनंतर चोवीस तासांच्या आत पुन्हा माजावर येऊन गर्भधारणा करू शकतात. मात्र पिले दूध पीत असताना इस्ट्रोजेन कमी राहते आणि नवे भ्रूण गर्भाशयात न रुजता काही दिवस थांबून राहतात. घरातील उंदरांची संख्या इतक्या वेगाने का वाढते, याचे एक उत्तर येथे आहे.

वैद्यकातील उपयोग

एडगर अ‍ॅलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी 1923 मध्ये डुकराच्या पुटिकांतील द्रव अंडाशय काढलेल्या माऊस व रॅटना टोचला. त्यांच्या योनीच्या लेपात माजाची लक्षणे परत आली. या चाचणीच्या आधारे डॉइझी यांनी 1929 मध्ये इस्ट्रोन शुद्ध रूपात मिळवले. त्याच वर्षी जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड अ‍ॅलन यांनी दाखवले की अंडाशय काढलेल्या सशांची गर्भावस्था पीतपिंडाच्या अर्काने टिकवता येते. त्यातूनच प्रोजेस्टेरॉन सापडले.

बर्लिनमधील झेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड त्सोंडेक यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस गर्भधारणेची चाचणी विकसित केली. स्त्रीचे मूत्र वयात न आलेल्या माऊसच्या माद्यांना टोचून काही दिवसांनी त्यांची अंडाशये तपासली जात. मूत्रात एचसीजी असल्यास अंडाशयात रक्ताने भरलेल्या पुटिका आणि पीतपिंडे दिसत. पुढे याच तत्त्वावर सशाची चाचणी आली व ती अमेरिकेत इतकी रूढ झाली की ‘ससा मेला’ म्हणजे ‘दिवस गेले’ असा वाक्प्रचार पडला. तो चुकीचा होता. अंडाशय पाहण्यासाठी ससा मारावाच लागत असे, मग उत्तर होकारार्थी असो वा नकारार्थी.

प्रोजेस्टेरॉन टोचलेल्या सशांत समागमानंतरही अंडमोचन होत नाही, हे 1937 मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रेगरी पिंकस आणि मिन-च्युए चांग यांनी 1950 च्या दशकात हेच काम पुढे नेले आणि त्यातून गर्भनिरोधक गोळीचा मार्ग खुला झाला.

माऊसमध्ये अधिक अंडपेशी मिळवण्यासाठी घोडीच्या वारेतील एफएसएचसारखे काम करणारे संप्रेरक देतात आणि सुमारे अठ्ठेचाळीस तासांनी एचसीजी टोचतात. रुथ फाउलर आणि रॉबर्ट एडवर्ड्स यांनी 1957 मध्ये प्रौढ माऊसमध्ये ही पद्धत यशस्वी केली. एडवर्ड्स यांच्याच प्रयत्नांतून 1978 मध्ये पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आले.

मानवाशी तुलनेच्या मर्यादा

नवजात रॅटच्या मादीला पहिल्या काही दिवसांत टेस्टोस्टेरॉनचे एकच इंजेक्शन दिले तर ती प्रौढपणी कधीच अंडमोचन करत नाही, कारण तिच्या मेंदूतील उसळीची यंत्रणा कायमची बंद होते. वानरगणात ही यंत्रणा इतक्या सहजपणे बंद होत नाही. वार्धक्यातही असाच फरक दिसतो. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्ती पुटिका संपल्यामुळे येते. रॅटची मादी साधारण वर्षाची झाली की तिचे चक्र अनियमित होते, पण अंडाशयात पुटिका शिल्लक असतात. अशा म्हाताऱ्या मादीचे अंडाशय तरुण मादीत रोपल्यास ते पुन्हा काम करू शकते. तिच्यात आधी थकतो तो मेंदू. रजोनिवृत्तीवरील औषधे रॅटवर तपासताना हा भेद विसरला तर निष्कर्ष फसवे ठरतात. त्यासाठी संशोधक रॅटची अंडाशये काढून टाकतात किंवा सुप्त पुटिका नष्ट करणारे व्हीसीडी हे रसायन वापरून मानवाच्या जवळ जाणारी स्थिती निर्माण करतात.

बहुतेक कृंतकांना मासिक पाळी येत नाही. त्यामुळे पाळीशी संबंधित विकारांचा अभ्यास उंदरात करणे अवघड होते. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी काटेरी उंदराच्या एका जातीत सुमारे नऊ दिवसांचे पाळीचे चक्र असल्याचे दाखवले, आणि पाळी येणारा तो पहिला ज्ञात कृंतक ठरला. त्यानंतर प्रयोगशाळांतून त्याचे संगोपन वाढू लागले आहे.